सालीवरची वस्ती

आमच्या मागीलदारी, विहिरीच्या वरच्या अंगाला एक रायवळ आंबा होता. फळ लहान, दोरेवालं, पण रायतं करावं तर त्याचंच. मी चौथीत होते तेव्हा त्याची एक फांदी वाळली. पुढच्या पावसाळ्यानंतर दुसरीची पालवी विरळ झाली. खोडावर पांढरट, राखी, कुठे हिरवट झाक असलेले चट्टे होते. काही तळहाताएवढे, काही रुपयाएवढे, काही एकमेकांत मिसळून गेलेले. "झाडाला कोड आलंय," आजी म्हणाली. शेजारच्या घरातून बुरशीचं निदान आलं. शेवटी बाबांनी आणि बागेत शिंपायला येणाऱ्या काकांनी मिळून हात पोचेल तिथवर सगळं खोड कोयत्याने खरवडलं आणि वर चुना-मोरचुदाचा जाड लेप दिला. बादली धरून मी उभी होते. निळसर पांढरं झालेलं ते खोड रस्त्यावरूनही दिसायचं, आणि आपण झाडाला औषध दिलं या समाधानात आम्ही सगळे होतो.

दोन वर्षांत झाड गेलं. तोडायला माणसं आली, करवत आत शिरली, तेव्हा बुंध्याचा गाभा बोगद्यांनी पोखरलेला निघाला. आत बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या. भिरूड. बुंध्याशी लाकडाचा भुसा कित्येक महिने पडत होता आणि आजी तो रोज सकाळी अंगणाबरोबर झाडून टाकत होती. डोळ्यांसमोरची खूण आम्ही रोज केरात टाकली आणि ज्यांचा काही संबंध नव्हता ते चट्टे खरवडत बसलो.

हे पुस्तक त्या चट्ट्यांबद्दल आहे. कोकणातल्या एका साध्या परसात, आंबा, फणस, पोफळ, नारळ, रातांबा, चिकू, सोनचाफा अशा नेहमीच्या झाडांच्या सालीवर जे काही वाढतं, त्याच्या बारा वर्षांच्या नोंदी यात आहेत. मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही. घरच्या बागेत रोज फिरणारी, भिंग घेऊन उभी राहणारी एक बाई आहे. पण त्या रायवळाचं माझ्यावर देणं आहे असं मला आजही वाटतं, आणि ते फेडायची हीच एक रीत मला जमण्यासारखी होती.

या चट्ट्यांना काय म्हणायचं, इथूनच अडचण सुरू होते. शास्त्रीय मराठीत 'शैवाक' असा शब्द आहे. शैवाल आणि कवक दोन्ही त्यात ऐकू येतात, त्यामुळे तो मला आवडतो, पण बागेत काम करणाऱ्या कुणाच्या तोंडी मी तो कधी ऐकला नाही. लोकांच्या तोंडी आहे तो 'दगडफूल', कुठे 'धोंडफूल'. संस्कृतातही 'शैलेय', म्हणजे पुन्हा खडकच. आणि हा शब्द स्वयंपाकघरातला. मसाल्याच्या डब्यात जे असतं ते दगडफूल. झाडावर जे असतं त्याला कोड, बुरशी, शेवाळ, खवले, जे सुचेल ते. गंमत अशी की मसाल्यातलं दगडफूलही बहुतांशी झाडांच्या सालीवरूनच गोळा होऊन येतं, हिमालयाच्या आणि सह्याद्रीच्या जंगलांतून. डब्यातला एक तुकडा काढून बघा. वरून करडा-पांढरा, खालून काळा, कडेला वळलेला, आणि पुष्कळदा खालच्या बाजूला सालीची कपची चिकटलेली. गोड्या मसाल्याला तेलावर परतताना जो मातीचा, किंचित धुरकट वास सुटतो तो या कपचीच्या वरच्या पापुद्र्याचा. म्हणजे आपल्याकडच्या घराघरांत शैवाक आहे, फक्त ते झाडावर भेटलं की आपण त्याला ओळख देत नाही. ज्याला नाव नाही त्याच्यावर कोयता पटकन उचलला जातो. या पुस्तकात मी सगळीकडे शैवाक हाच शब्द वापरला आहे. आठ-दहा पानांत तो तोंडात बसेल असा माझा अनुभव आहे.

शेवाळ आणि शैवाक यांत मात्र गल्लत नको. पावसात गडग्यावर, विहिरीच्या काठाला, हौदाच्या भिंतीला जे मऊ हिरवं पसरतं आणि ज्यावरून पाय घसरतो, ते शेवाळ. शैवाक ही एक वेगळीच घडण आहे, आणि ती कशी आहे हे कळायला माणसाला फार उशीर लागला.

1867 साली सिमोन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने असं मांडलं की शैवाक ही एक वनस्पती नाहीच. ती एक बुरशी आहे आणि तिच्या धाग्यांच्या जाळ्यात सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल उन्हात साखर करतं, बुरशी त्यावर जगते; त्या बदल्यात शैवालाला ओल, आडोसा आणि टेकायला जागा मिळते. श्वेंडेनरने यासाठी धनी आणि गुलाम अशी उपमा वापरली होती, ती आज कुणी वापरणार नाही. पण मूळ म्हणणं खरं होतं. आयुष्यभर शैवाकांचा अभ्यास केलेल्या मोठमोठ्या तज्ज्ञांनी ते धुडकावून लावलं. त्यांच्यात पॅरिसमध्ये राहणारे फिनलंडचे विल्यम निलँडर अग्रभागी होते. एकेका शैवाकाला स्वतंत्र जात म्हणून नाव देण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना ती एक जात नसून एक बिऱ्हाड आहे हे ऐकणं किती जड गेलं असेल, हे मी समजू शकते. पुढे 1879 मध्ये जर्मनीच्या अँटोन डी बारी यांनी भिन्न जातींच्या जिवांनी एकत्र राहण्याला 'सिंबायोसिस' ही संज्ञा रूढ केली, तेव्हा त्यांच्यापुढचं ठळक उदाहरण शैवाकांचंच होतं. आपण शाळेत 'सहजीवन' म्हणून जे शिकलो त्याचा उगम असा या सालीवरच्या चट्ट्यांत आहे.

गोष्ट तिथेही थांबली नाही. 2016 मध्ये टोबी स्प्रिबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की काही शैवाकांच्या वरच्या कवचात आणखी एक भिडू असतो, यीस्टच्या जातकुळीतली एक वेगळी बुरशी. दीडशे वर्षं लोक सूक्ष्मदर्शकातून तेच कवच पाहत होते. सगळ्या शैवाकांत हा भिडू सापडत नाही, आणि तो तिथे नेमकं काय करतो यावर वाद चालू आहेत. मला या बातमीने फार आनंद झाला होता. रोजच्या पाहण्यातली वस्तू इतकी अनोळखी असू शकते, हे कुणीतरी मोठ्या प्रयोगशाळेतून येऊन सांगितल्यासारखं वाटलं.

आता मुद्द्याचं. झाडाला यापासून अपाय होतो का? नाही. हे मी जितक्या ठळकपणे लिहिता येईल तितक्या ठळकपणे लिहिते आहे, कारण पुस्तक उघडणाऱ्या दहांपैकी नऊ जण हाच प्रश्न घेऊन आलेले असणार. शैवाक आपलं अन्न स्वतः करतं. पाणी आणि क्षार ते पावसातून, दवातून, हवेतल्या धुळीतून घेतं. त्याला मुळं नसतात. पानासारख्या पसरणाऱ्या शैवाकाच्या खालच्या बाजूला काळे केसांसारखे धागे दिसतात, ते सालीला धरून राहण्यापुरते. खपलीसारखी शैवाकं सालीत थोडी रुततात, पण ती सालीच्या बाहेरच्या, मेलेल्या थरात. जिथून झाडाचा रस वाहतो तिथवर ती पोचत नाहीत. बांडगूळ आणि शैवाक एका माळेत ओवणारे लोक मला भेटतात. बांडगुळाची मुळं थेट लाकडात घुसतात, झाडाचं पाणी पितात, फांदी खंगवतात. ते वेळीच काढलंच पाहिजे. शैवाकाला झाडाकडून हवी असते ती फक्त बसायला जागा. तितकी जागा त्याला दगडावर, कौलावर, जुन्या लाकडी फाटकावरही चालते, आणि फाटकाला कुणी खाऊ शकत नाही.

मग आजारी, म्हाताऱ्या झाडांवरच ते जास्त का दिसतं? हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर कळलं की सगळं उलगडतं. झाड खंगायला लागलं की पानं विरळ होतात, इतकी वर्षं सावलीत असलेल्या खोडावर आणि आतल्या फांद्यांवर ऊन पोचतं. झाडाची वाढ मंदावते, त्यामुळे साल पूर्वीइतकी ताणली जात नाही, फाटत नाही, गळत नाही. शैवाकाला हेच हवं असतं, उजेड आणि स्थिर बैठक. त्यामुळे झाड मरायला टेकलं की ते बहरल्यासारखं दिसतं, आणि आपण कार्याला कारण समजतो. आमच्या रायवळाच्या फांद्या भिरुडामुळे वाळल्या, पानं गेल्यामुळे ऊन आत आलं, उन्हामुळे चट्टे उठून दिसले. आम्ही ही साखळी उलटी वाचली.

आता थोडं माझ्याबरोबर बागेतून चला. सुरुवात पोफळीपासून करावी. पोफळीचं खोड गुळगुळीत, सरळ, त्यावर पांढरा लेप दिल्यासारखा एक थर असतो. बहुतेक लोक तो पोफळीचाच रंग समजतात. भिंग लावून पाहा. त्या पांढऱ्यावर बारीक काळ्या रेघा दिसतील, वळणाच्या, कुठे फांद्या फुटलेल्या, कुठे स्वल्पविरामासारख्या तुटक. एखाद्या जुन्या मोडी दस्ताचा तुकडा कुणी सालीवर चिकटवला असावा असं वाटतं. याच्या कुळाला 'ग्राफिस' हे नाव लिहिणं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून मिळालं, म्हणजे युरोपातल्या माणसालाही पहिल्यांदा पाहताना अक्षरंच दिसली. या रेघा म्हणजे बुरशीची फळं आहेत. प्रत्येक रेघेच्या फटीतून बीजाणू बाहेर पडतात. पण बीजाणू एकट्या बुरशीचा असतो, त्याच्याबरोबर शैवाल जात नाही. तो वाऱ्यावर कुठेतरी पडतो, आणि तिथे योग्य शैवाल भेटलं तरच नवा संसार उभा राहतो. असे किती बीजाणू वाया जात असतील याचा हिशेब नाही.

ग्राफिसमध्ये राहणाऱ्या शैवालाचं नाव ट्रेंटेपोहलिया. हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. नारळाच्या खोडावर, जांभ्याच्या गडग्यावर, देवळाच्या मागच्या भिंतीवर जो केशरी मखमली लेप असतो, तो याच्याच कुळातल्या स्वतंत्र राहणाऱ्या जातींचा. जातीने हिरवं शैवाल, पण अंगात केशरी द्रव्य इतकं की हिरवा रंग झाकून जातो. तो लेप शैवाक नव्हे, म्हणून या पुस्तकात त्याला वेगळं प्रकरण दिलेलं नाही. पण पोफळीवरची पांढरी खपली नखाने अगदी किंचित ओरखडली तर आत तोच पिवळट-केशरी रंग दिसतो. मी हे एकदाच केलं आणि पुन्हा केलं नाही. तुम्हीही एकदाच करा.

नारळावर आणि आंब्यावर सर्वांत जास्त भेटतं ते पिक्सिन कोकोज. नावातच नारळ आहे. करड्या रंगाचं, सालीला घट्ट चिकटलेलं, कडेला बारीक झालरीसारखं, मध्ये पीठ भुरभुरल्यासारखे ठिपके. ते पीठ म्हणजे बुरशीचे धागे आणि शैवालाच्या पेशी यांची छोटी गाठोडी; वाऱ्याने किंवा मुंगीच्या पायाने एक गाठोडं हललं की दोन्ही भिडू एकत्रच नव्या जागी पोचतात. बीजाणूचा जुगार इथे नाही. हे शैवाक धूळ-धूर बऱ्यापैकी सोसतं, म्हणून शहरातल्या आंब्यावरही दिसतं. त्याची एक जादू मुलांना दाखवण्यासारखी आहे. रात्री नोटा तपासायचा जांभळा दिवा त्यावर धरा. करडा चट्टा लिंबासारखा पिवळा चमकतो. उन्हातल्या घातक किरणांपासून शैवालाचं रक्षण करणारं एक द्रव्य त्याच्या वरच्या कवचात असतं, त्याचा हा प्रकाश. माझी भाची हे पाहिल्यापासून प्रत्येक मे महिन्यात येताना दिवा घेऊन येते.

फणसाच्या खोडाच्या ज्या बाजूला थेट पाऊस लागत नाही, तिथल्या भेगांत कुणी हळद उडवल्यासारखी पिवळी पूड असते. ते क्रायसोथ्रिक्स. त्याला पान नाही, खपली नाही, नुसती पूड. जुन्या आंब्याच्या ओल्या बाजूला पावसाळ्यात लेप्टोजियम फुगतं, निळसर काळं, जेलीसारखं लिबलिबीत. मार्चमध्ये त्याच जागी जळक्या कागदाचा कपटा उरतो. त्याच्यातला भिडू नोस्टॉक, हवेतला नायट्रोजन पकडून ठेवणारा. हे शैवाक सुटून खाली पडलं की तो नायट्रोजन झाडाच्याच मातीत जातो. पेरूवर मात्र फारसं काही सापडणार नाही. पेरूची साल दर वर्षी पापुद्र्यांनी गळते; बिऱ्हाड मांडेमांडेतो घरच पडतं.

आणि दाढीसारखी लोंबणारी, पानासारखी रुंद पसरणारी देखणी शैवाकं आमच्याकडे कमीच. त्यांच्यासाठी घाट चढावा लागतो. महाबळेश्वरला जांभूळ-अंजनीच्या फांद्यांवरून उस्निया लोंबतं, आंबोलीच्या धुक्यात पार्मोट्रेमाचे तळव्याएवढे पसारे असतात. ते वैभव पाहून आल्यावर घरची बाग काही दिवस मला गरीब वाटायची. मग पहिल्या दवाला पुन्हा भिंग हातात यायचं.

दवाबद्दल थोडं अधिक लिहायला हवं. उन्हाळ्यात दुपारी चट्ट्याला हात लावा, वाळक्या पापडासारखा लागतो. त्या वेळी तो जवळजवळ थांबलेला असतो. श्वास नाही, साखर नाही. त्यावर चार थेंब पाणी टाका. डोळ्यांदेखत करडा रंग हिरवा होतो. वरचं कवच ओलं झालं की पारदर्शक होतं आणि खालचं शैवाल दिसायला लागतं. काही मिनिटांत ते कामालाही लागतं. हिरवं शैवाल असलेल्या शैवाकांना तर पाण्याचा थेंबही लागत नाही, हवेतली नुसती वाफ पुरते. नोस्टॉकवाल्यांना मात्र खरंखुरं पाणी हवं. पौष-माघात आंब्याला मोहोर असतो तेव्हा आमच्याकडे पहाटे दंव पडतं. सहा ते आठ, फार तर साडेआठ. तेवढ्या वेळात शैवाकं दिवसभराचं कमावून घेतात आणि ऊन चढलं की पुन्हा मिटतात. कोकणातले आठ कोरडे महिने सोसायची ताकद या दोन तासांच्या रोजंदारीतून येते. त्या वेळी बागेत गेलात तर सगळी खोडं हिरवी असतात. साडेआठनंतर गेलात तर तीच करडी.

इतक्या थोड्या कमाईवर वाढ ती किती होणार? खपलीसारखी शैवाकं वर्षाला मिलिमीटरभर, पुष्कळदा त्याहूनही कमी पसरतात. पानासारखी काही मिलिमीटर. ही चाल इतकी सावकाश आणि भरवशाची की ऑस्ट्रियाच्या रोलांड बेशेल यांनी 1950 च्या सुमारास शैवाकाचा व्यास मोजून हिमनदीने मागे सोडलेल्या दगडांचं वय काढायची पद्धत बसवली. दर गुढीपाडव्याला मी सोनचाफ्याच्या खोडावरच्या एका चट्ट्याची कड प्लास्टिकच्या पारदर्शक कागदावर उतरवून घेते. हे सगळे कागद एकावर एक ठेवले की झाडाच्या खोडाची वर्तुळं पाहावीत तशा रेघा दिसतात. त्यांचं चित्र आतल्या पानांत आहे. ते पाहताना मला नेहमी ती मोरचुदाची बादली आठवते. त्या दिवशी सकाळच्या दोन-तीन तासांत आम्ही जे खरवडलं, ते कदाचित बाबांच्या लहानपणापासून तिथे होतं.

मुळं नाहीत, मेणाचं आवरण नाही, त्यामुळे हवेत जे असेल ते शैवाकाच्या अंगात शिरतं. चांगलंही आणि वाईटही. दगडी कोळशाच्या धुरातला गंधकाचा वायू शैवालाचं हरितद्रव्य मारतो. शहराच्या हवेत शैवाकं टिकत नाहीत हे सुरुवातीच्या काळात नीट नोंदणाऱ्यांत तेच निलँडर होते, ज्यांना श्वेंडेनरचं म्हणणं पटलं नव्हतं. 1866 मध्ये त्यांनी लिहिलं की पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग बागेतल्या झाडांवर जी शैवाकं आहेत ती शहरात इतरत्र दिसत नाहीत, आणि ती हवेच्या शुद्धतेचं एक मापच आहेत. तीस वर्षांनी त्याच बागेतूनही ती नाहीशी झाल्याची नोंद त्यांच्याच हातची आहे. एका बाबतीत चुकलेला माणूस दुसऱ्या बाबतीत शंभर वर्षं पुढचं पाहू शकतो. 1970 मध्ये इंग्लंडच्या हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी झाडांवरच्या शैवाकांवरून हवेतला गंधक अजमावायची दहा पायऱ्यांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. पुढे कोळशाचा धूर कमी झाला तशी लंडनमध्ये शैवाकं परत आली. माझ्या नोंदींत अशी मोजपट्टी नाही, ती करायला माझ्यापेक्षा जाणती माणसं हवीत. इतकं मात्र मी पाहिलं आहे की आमच्या बागेतल्या ज्या हापूस कलमांवर दर हंगामात फवारे बसतात त्यांची खोडं जवळजवळ कोरी आहेत, आणि ज्याला कुणी कधी औषध मारलं नाही त्या कुंपणाकडच्या रातांब्यावर पाच-सहा प्रकार शेजारी शेजारी नांदतात. तांबं शैवाकाला विषच. मोरचूद त्यात काही निवड करत नाही.

महाराष्ट्रात या विषयाला चांगलं घर आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. 1946 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आणि आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या शैवाकांवर, विशेषतः पोफळीवर दिसतात तसल्या अक्षरांच्या कुळांवर, मोठं काम केलं. तिथल्या आजरेकर संग्रहात ते नमुने जपलेले आहेत. लखनौला धरणीधर अवस्थी यांनी भारतातल्या शैवाकशास्त्राचा पाया घातला. जगात शैवाकांच्या सुमारे 20,000 जाती मानल्या जातात आणि भारतात अडीच हजारांहून अधिक नोंदल्या गेल्या आहेत. या कामातलं मराठीत फारसं आलं नाही, याची मला खंत आहे. माझं पुस्तक ती उणीव भरून काढू शकत नाही. पण कुणी शेतकी किंवा विज्ञान शाखेचा मुलगा-मुलगी हे वाचून त्या संग्रहापर्यंत पोचली, तर मला फार बरं वाटेल.

एका गोष्टीत मला सावधपणे लिहायला हवं. झाडावरचं सगळंच निरुपद्रवी नसतं. फांद्यांवर गुलाबी पापुद्रा आला आणि त्याच्या पुढची पानं सुकली तर ती बुरशी आहे, फांदी कापून जाळलीच पाहिजे. खोडातून डिंक गळत असेल, साल मऊ पडून काळी होत असेल, भोकातून भुसा येत असेल तर थांबू नये. आंब्याच्या पानांवर तांबूस, मखमली गोल ठिपके येतात, ते सेफॅल्युरोस नावाच्या परजीवी शैवालाचे. ते पानाच्या आत शिरतं. गुंता असा की याच शैवालाशी स्ट्रिग्युला नावाची बुरशी जोडी जमवते आणि त्या ठिपक्याचं पांढरट शैवाक होतं. म्हणजे शैवाक झाडाला कधीच काही करत नाही हा माझा वरचा नियम पानावर थोडा वाकतो. सालीवर तो वाकत नाही. पुस्तकात सालीवरचीच शैवाकं आहेत, पण खरे रोग ओळखता यावेत म्हणून शेवटी सहा पानं त्यांनाही दिली आहेत. माझ्या दृष्टीने पुस्तकातली सर्वांत उपयोगी पानं तीच. ती आधी वाचा.

बाकी मांडणी झाडांनुसार आहे. शास्त्रीय पुस्तकांत शैवाकांच्या कुळांनुसार असते, पण घरच्या माणसाला आधी झाड ओळखीचं असतं, म्हणून पोफळीचं प्रकरण, फणसाचं प्रकरण, असं. नक्की ओळख पटवायला रसायनं लागतात, पुष्कळदा सूक्ष्मदर्शकही. जिथे मला कुळापर्यंतच खात्री आहे तिथे मी कुळाचंच नाव देऊन थांबले आहे. लागणारं साहित्य म्हणजे दहापट मोठं दाखवणारं भिंग, पाण्याची फवारणीची बाटली आणि वही. चाकू नको. नमुने गोळा करू नका; छायाचित्र पुरतं. घरच्या झाडावरचं खरवडून मसाल्यात तर मुळीच घालू नका. कोणतं खाण्याजोगं, हे दिसण्यावरून ठरत नाही आणि रस्त्याकडेच्या झाडावरच्या शैवाकाने हवेतले जड धातूही साठवलेले असतात. निखार, ज्याला काही जण गोमेटही म्हणतात, तो चिमुकला पक्षी आपलं वाटीएवढं घरटं कोळ्याच्या जाळ्याने शैवाकाचे तुकडे चिकटवून सालीच्या रंगाचं करतो. त्याला तेवढं नेऊ द्यावं.

रायवळाच्या जागी 2009 मध्ये आम्ही फणस लावला. पंधरा वर्षं त्याचं खोड तुकतुकीत होतं. दर पावसाळ्यानंतर मी भिंग घेऊन त्याच्याभोवती फिरायचे आणि परत यायचे. गेल्या श्रावणात, जमिनीपासून साधारण माझ्या खांद्याच्या उंचीवर, पश्चिमेच्या अंगाला एक पांढरा ठिपका दिसला, मोहरीएवढा. पाणी शिंपडलं तर किंचित हिरवा झाला. कोणतं शैवाक ते अजून सांगता येत नाही. त्यावर ना रेघ आहे, ना पीठ, ना झालर. म्हणून या पुस्तकातल्या कुठल्याही चित्रात तो नाही.